जीजीप्लॉटचा बॉक्स प्लॉट इंटरॅक्टिव्ह केल्यावर बाह्यबिंदू दोनदा का दिसतात आणि मिशा का बदलतात

आर या संगणकीय भाषेत जीजीप्लॉट या आलेखांच्या पॅकेजने काढलेला बॉक्स प्लॉट प्लॉटली या दुसऱ्या पॅकेजच्या साहाय्याने इंटरॅक्टिव्ह, म्हणजे माउस नेल्यावर आकडे दाखवणारा, केला, की आलेख वरवर पाहता तोच राहतो, पण आतल्या काही गोष्टी न सांगता बदलतात. बॉक्स प्लॉटमध्ये नोंदींचा मधला निम्मा भाग पेटीने, त्याबाहेरचा नेहमीचा पसारा दोन्हीकडच्या रेषांनी म्हणजे मिशांनी, आणि त्याहून दूरच्या नोंदी सुट्या बाह्यबिंदूंनी दाखवतात. वगळलेले बाह्यबिंदू पुन्हा उमटतात, काही बिंदू दोन ठिकाणी दिसतात, पेटीच्या कडा किंचित सरकतात, आणि क्वचित एखादा बिंदू नाहीसा होऊन मिशीच त्याच्यापर्यंत वाढते. या साऱ्या तक्रारींचे मूळ बहुतांशी एकच आहे. ते न ओळखता एकेक लक्षण दाबत गेल्यास दुसरे लक्षण डोके वर काढते, म्हणून आधी कारण आणि मग उपाय अशा क्रमाने मांडणी केली आहे. फलनांची व पर्यायांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती नेहमीप्रमाणे रोमन लिपीतच लिहावीत.

मी ज्या माहितीवर काम करतो ती कोल्हापूरकरांच्या ओळखीची आहे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ फुटांत मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी येथे शाळकरी मुलांनाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्याही वर. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या दैनंदिन नोंदींचा महिनावार बॉक्स प्लॉट काढला, तर असे दिवस मिशीच्या पलीकडे सुटे बिंदू म्हणून दिसण्याची शक्यता मोठी असते. इतरत्र असा बिंदू मोजणीतील चूक समजून बाजूला ठेवला जातो. येथे मात्र त्या बिंदूसाठीच आलेख काढलेला असतो, त्यामुळे तो दोनदा दिसला काय किंवा मुळीच दिसला नाही काय, दोन्ही सारखेच घातक आहे.

मागच्या पावसाळ्यात माझ्या एका विद्यार्थ्याने पेटीवर रोजच्या नोंदींचे विखुरलेले ठिपके घातले. त्यासाठी त्याने ठिपके किंचित बाजूला सरकवून मांडणारे जॉम_जिटर वापरले होते आणि ठिपके दोनदा येऊ नयेत म्हणून जॉम_बॉक्सप्लॉटमध्ये ‘आउटलायर.शेप’ला ‘एनए’ ही किंमत दिली होती. कागदावर छापलेला आलेख अगदी बरोबर होता. तोच आलेख, जीजीप्लॉटचा आलेख प्लॉटलीत बदलणाऱ्या जीजीप्लॉटली या फलनातून काढून ब्राउझरमध्ये उघडल्यावर जुलैच्या पेटीवर एकाच उंचीचे दोन ठिपके दिसू लागले, एक बरोबर मधल्या रेषेवर आणि दुसरा थोडा उजवीकडे. दोन्हींवर माउस नेल्यावर आकडा एकच. “सर, पूर एकदा आला, मग ठिपके दोन कसे?” हा त्याचा प्रश्न अगदी मुद्द्याचा होता.

याचे कारण असे, की जीजीप्लॉट पेटी काढताना स्वतः पाच आकडे काढतो: खालची मिशी, पहिले चतुर्थक (ज्याखाली पाव नोंदी असतात), मध्यक, तिसरे चतुर्थक (ज्याखाली पाऊण नोंदी असतात) आणि वरची मिशी. आपली समजूत अशी असते, की जीजीप्लॉटली हेच पाच आकडे उचलून ब्राउझरकडे देते. प्रत्यक्षात बॉक्स प्लॉटच्या बाबतीत ते पाच आकडे बाजूला पडतात आणि मूळ कच्च्या नोंदीच ब्राउझरकडे जातात. तेथे प्लॉटलीची जावास्क्रिप्ट लायब्ररी आपल्या पद्धतीने चतुर्थके नव्याने काढते, बाह्यबिंदू कोणते ते नव्याने ठरवते आणि ते आपल्या सवयीप्रमाणे दाखवते. म्हणजे एकच पेटी दोन वेगवेगळ्या ठिकाणी, दोन वेगवेगळ्या नियमांनी मोजली जाते, आणि पडद्यावर जी दिसते ती दुसरी असते. पहिल्या मोजणीला तुम्ही दिलेल्या सूचना दुसरीपर्यंत पोहोचतीलच याची खात्री नसते. मिशी एरवी आंतरचतुर्थक अंतराच्या, म्हणजे पहिल्या व तिसऱ्या चतुर्थकांतील अंतराच्या, दीडपटीपर्यंतच जाते; ती तिपटीपर्यंत न्यावी म्हणून दिलेला ‘कोएफ’ हा पर्यायही याच वाटेत गळतो.

आता दोनदा दिसणाऱ्या ठिपक्यांचा उपाय. सर्वांत आधी सुचतो तो उपाय म्हणजे बॉक्स ट्रेसमधील (प्लॉटलीत आलेखाच्या एका थराला ट्रेस म्हणतात) ‘बॉक्सपॉइंट्स’ला ‘फॉल्स’ करणे. असे केल्यावर जादा ठिपके जातात, आलेख स्वच्छ दिसतो आणि काम झाले असे वाटते. कृपया हा उपाय करू नये. ‘बॉक्सपॉइंट्स’ बंद असताना प्लॉटली मिशा किमान आणि कमाल नोंदीपर्यंत ताणते. दीडपटीचा नियम तेथे उरतच नाही, आणि पुराचा दिवस सुटा बिंदू न राहता लांबलचक मिशीचे टोक होऊन बसतो. वाचणाऱ्याला वाटते, की पाणी त्या उंचीपर्यंत नेहमीच्या चढउतारातच जाते. एका कार्यालयासाठी केलेल्या आलेखात माझ्या हातून हीच चूक झाली होती आणि ती छपाईला जाण्याच्या आदल्या दिवशी लक्षात आली. जुलैची मिशी कागदावरच्या आलेखापेक्षा कितीतरी उंच गेलेली दिसली, म्हणून मी मूळ नोंदी उघडून पाहिल्या, तेव्हा हा प्रकार कळला.

बरोबर उपाय असा, की ठिपके बंद न करता फक्त पारदर्शक करावेत. जीजीप्लॉटलीने दिलेली वस्तू एका नावात साठवावी. तिच्या ‘एक्स’ या भागात ‘डेटा’ नावाची यादी असते आणि आलेखातील प्रत्येक थर हा त्या यादीतील एक घटक असतो. या यादीवर लॅप्लाय (प्रत्येक घटकावर तेच काम करणारे फलन) चालवून ज्या घटकाचा ‘टाइप’ हा ‘बॉक्स’ असेल, त्याच घटकात ‘मार्कर’ची ‘ओपॅसिटी’ शून्य करावी आणि ‘होव्हरऑन’ला ‘बॉक्सेस’ ही किंमत द्यावी. पहिल्या सूचनेने ठिपके अदृश्य होतात, पण मिशा दीडपटीच्या मर्यादेतच राहतात. दुसऱ्या सूचनेमुळे न दिसणाऱ्या ठिपक्यावर माउस गेल्यावर उगीच आकडा उमटत नाही. घटक ‘टाइप’ पाहूनच निवडावा; पहिला, दुसरा असा क्रमांक कोडमध्ये पक्का करू नये, कारण महिन्यांना रंग दिला की थरांची संख्या बदलते आणि क्रमांकाने लिहिलेले कोड भलत्याच थराचे ठिपके पुसते. पॅकेजच्या आवृत्त्यांनुसार हे वर्तन बदलू शकते, म्हणून जुने कोड नव्या संगणकावर चालवताना आलेख एकदा डोळ्यांनी तपासावा.

जीजीप्लॉटचा आग्रह नसेल तर याहून सरळ वाट आहे. थेट प्लॉटलीचेच प्लॉट_ली हे फलन वापरून बॉक्स ट्रेस काढावा, ‘बॉक्सपॉइंट्स’ला ‘ऑल’ द्यावे, ‘जिटर’ला ०.३ आणि ‘पॉइंटपॉस’ला उणे १.८ द्यावे. मग सर्व नोंदी पेटीच्या डाव्या बाजूला एका पट्ट्यात दिसतात, आणि एकाच थरातून आल्यामुळे दोनदा येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ‘जिटर’ ० ते १ आणि ‘पॉइंटपॉस’ उणे २ ते २ या मर्यादेत असावा लागतो.

ठिपक्यांचा प्रश्न सुटल्यावरही पेटीच्या कडा जुळत नाहीत, ही तक्रार उरते. ती कमी जणांच्या लक्षात येते; मला मात्र तीच अधिक गंभीर वाटते. समजा आपल्याकडे फुटांतील नऊ कल्पित नोंदी आहेत: १५, १६, १७, १८, २०, २२, २४, २६ आणि ३६. जीजीप्लॉट चतुर्थके आरच्या क्वांटाइल फलनाच्या नेहमीच्या, म्हणजे सातव्या प्रकाराने काढतो. त्यानुसार पहिले चतुर्थक तिसऱ्या क्रमांकाची नोंद, म्हणजे १७ येते आणि तिसरे चतुर्थक सातव्या क्रमांकाची नोंद, म्हणजे २४. आंतरचतुर्थक अंतर ७, त्याची दीडपट १०.५, आणि वरची मर्यादा ३४.५ फूट. ३६ ही नोंद मर्यादेच्या बाहेर पडते आणि सुटा बिंदू म्हणून दिसते.

आता याच नऊ नोंदी प्लॉटलीला द्या. तिची नेहमीची पद्धत ‘लिनिअर’ या नावाची आहे आणि ती क्वांटाइल फलनाच्या पाचव्या प्रकाराशी जुळते. तिच्यानुसार पहिले चतुर्थक २.७५ या स्थानावर, म्हणजे १६.७५ येते आणि तिसरे ७.२५ या स्थानावर, म्हणजे २४.५. अंतर ७.७५ होते, त्याची दीडपट ११.६२५, आणि वरची मर्यादा ३६.१२५ फूट. ३६ ही नोंद आता मर्यादेच्या आत आली. सुटा बिंदू गेला आणि मिशी थेट ३६ पर्यंत पोहोचली. नोंदी त्याच, नियमही दीडपटीचाच, तरी छापील आलेखात जो दिवस असाधारण होता तो पडद्यावर साधारण ठरला. हा पॅकेजमधील दोष नव्हे. चतुर्थक काढण्याच्या अनेक मान्य पद्धती आहेत आणि आरच्या क्वांटाइल फलनातच नऊ प्रकार उपलब्ध आहेत. दोष आहे तो एकाच अहवालात नकळत दोन पद्धती वापरण्याचा.

यावर उपाय म्हणून बॉक्स ट्रेसमधील ‘क्वार्टाइलमेथड’ या पर्यायाला ‘इन्क्लुझिव्ह’ ही किंमत द्यावी. या पद्धतीत नोंदी मध्यकापाशी दोन भागांत विभागल्या जातात, नोंदींची संख्या विषम असल्यास मध्यक दोन्ही भागांत धरला जातो, आणि प्रत्येक भागाचा मध्यक हे चतुर्थक मानले जाते. वरच्या उदाहरणात खालचा भाग १५, १६, १७, १८, २० असा होतो आणि त्याचा मध्यक १७. वरचा भाग २०, २२, २४, २६, ३६ असा होतो आणि त्याचा मध्यक २४. मर्यादा पुन्हा ३४.५ येते आणि हरवलेला बिंदू परत दिसतो. ही पद्धत आरच्या मूळ बॉक्सप्लॉट फलनाशी, म्हणजे जॉन ट्यूकी यांच्या पाच आकड्यांच्या सारांशाशी जुळते. जीजीप्लॉटशी मात्र ती नोंदींची संख्या विषम असतानाच तंतोतंत जुळते. १ ते १० हे दहा अंक घेतले तर जीजीप्लॉट पहिले चतुर्थक ३.२५ देतो आणि ‘इन्क्लुझिव्ह’ पद्धत ३ देते. एका वर्षाच्या जुलैत ३१ नोंदी असतात, तेथे दोन्ही जुळतील. जूनच्या ३० नोंदींत किंचित फरक पडू शकतो.

नोंदी शेकड्यांत असतील तर हा फरक डोळ्यांना दिसतही नाही. पण तालुकावार किंवा गावावार माहितीत एकेका पेटीत आठ-दहाच नोंदी असतात, आणि आपल्या जिल्ह्याच्या बारा तालुक्यांत गगनबावडा आणि शिरोळ यांच्या पावसात जमीन-अस्मानाचे अंतर असताना अशा लहान पेट्यांवरूनच निष्कर्ष काढले जातात. तेथे खात्रीचा मार्ग एकच: पाच आकडे स्वतः आरमध्ये काढावेत आणि प्लॉटलीला तयार द्यावेत. बॉक्स ट्रेसमध्ये ‘क्यू१’, ‘मीडियन’, ‘क्यू३’, ‘लोअरफेन्स’ आणि ‘अपरफेन्स’ असे पाच पर्याय आहेत. गट पाडून सारांश काढणारी ग्रुप_बाय आणि समराइझ ही फलने वापरून प्रत्येक तालुक्याचे हे आकडे एका तक्त्यात घ्यावेत, त्यावरून पेट्या काढाव्यात आणि बाह्यबिंदूंचा वेगळा थर ॲड_मार्कर्सने घालावा. मिशीचे टोक म्हणून दीडपटीची मर्यादा देऊ नये, तर त्या मर्यादेच्या आत असलेली शेवटची प्रत्यक्ष नोंद द्यावी. वरच्या उदाहरणात ते टोक ३४.५ नसून २६ आहे. ही चूक मी अनेकांच्या कोडमध्ये पाहिली आहे.

या मार्गाचा आणखी एक लाभ आहे. कच्च्या नोंदी ब्राउझरकडे जातात याचा अर्थ त्या एचटीएमएल फाइलमध्ये जशाच्या तशा साठवल्या जातात. दर तासाच्या पातळीची एका हंगामाची माहिती १२२ दिवसांची, म्हणजे २,९२८ नोंदींची होते. दहा वर्षांची २९,२८०. फाइल जड होते आणि मोबाइलवर रेंगाळते. नोंदी पाण्याच्या पातळीच्या असतील तर एवढेच होते, पण त्या रुग्णांच्या किंवा विद्यार्थ्यांच्या गुणांच्या असतील, तर पेटीआड लपल्या असे समजून आपण त्या सर्वांच्या हाती देत असतो. पाच आकडे दिल्यास फक्त पाच आकडेच जातात. मात्र बाह्यबिंदूंचा थर घातला तर त्या नोंदी पुन्हा उघड्या पडतात, हे अशा माहितीच्या बाबतीत लक्षात ठेवावे.

आधीच तयार असलेल्या आलेखावर पेटी चढवताना येणाऱ्या अडचणी वेगळ्या आहेत. प्लॉट_लीने रोजच्या पातळीचा रेषालेख काढला आणि त्यावर ॲड_बॉक्सप्लॉट जोडले, तर ‘बॉक्स’ वस्तूला ‘मोड’ हा गुणधर्म नाही अशा अर्थाची सूचना येते. कारण नवा थर पहिल्या थराचे सारे गुणधर्म वारशाने घेतो. ‘इनहेरिट’ला ‘फॉल्स’ देऊन पेटीची माहिती स्वतंत्रपणे लिहावी, म्हणजे ती सूचना थांबते. पण त्याहून मोठी अडचण आडव्या अक्षाची असते. रेषालेखाच्या अक्षावर तारखा असतात, आणि पेटीलाही त्याच तारखा दिल्या तर प्रत्येक तारखेची वेगळी पेटी तयार होते. एका दिवसाची एकच नोंद असल्याने ती पेटी म्हणजे एक बारीक आडवी रेघ होते. पुष्कळ जण येथे माहिती बिघडली असे समजतात, पण माहिती ठीक असते. पेटीसाठी तारखेऐवजी महिना दर्शवणारा एकच आकडा किंवा महिन्याच्या मध्याची एकच तारीख सर्व नोंदींना द्यावी.

महिन्यांच्या पेट्या आणि त्यांवर वर्षानुसार रंगवलेले ठिपके, असा आलेख हवा असेल तर मी अक्ष सरळ अंकांचा ठेवतो. जूनसाठी ६, जुलैसाठी ७, असे पेटीचे स्थान. आणि ठिपक्यांसाठी त्याच अंकात थोडी यादृच्छिक भर घातलेले स्थान. मग ‘टिकव्हॅल्स’मध्ये ६ ते ९ आणि ‘टिकटेक्स्ट’मध्ये महिन्यांची मराठी नावे द्यावीत. यात महिन्यांचा क्रमही आपोआप राखला जातो. अन्यथा साधा मजकूर दिल्यास नावे वर्णानुक्रमे लागून ऑगस्ट जूनच्या आधी येतो, आणि तो टाळण्यासाठी फॅक्टर (ठरावीक क्रमाच्या गटांचा माहितीप्रकार) करून नावांचा क्रम सांगावा लागतो. विंडोजवर मराठी नावांच्या जागी कोनी कंसांतले सांकेतिक आकडे उमटत असतील तर आरची आवृत्ती पाहावी. ४.२.० पासून, म्हणजे एप्रिल २०२२ नंतर, नव्या विंडोजवर आर यूटीएफ-८ ही सर्व लिप्यांना चालणारी अक्षरसंकेत पद्धत वापरते आणि हा त्रास सहसा राहत नाही.

वर्षानुसार ‘फिल’ (पेटीत भरायचा रंग) दिल्यावर एका महिन्याच्या पेट्या शेजारी-शेजारी न येता एकमेकींवर चढल्या, तर जीजीप्लॉटलीच्या निकालाला लेआउट जोडून ‘बॉक्समोड’ला ‘ग्रुप’ द्यावे. त्यावर लेआउटला ‘बॉक्समोड’ हा गुणधर्म नाही अशी सूचना आरच्या कन्सोलवर दिसेल. आलेख बरोबर आला असेल तर ती निर्धोक समजावी. मात्र जीजीप्लॉटने आधीच बाजूला सरकवलेले ठिपके या नव्या पेट्यांच्या बरोबर मध्ये येतीलच असे नाही. ‘बॉक्सगॅप’ आणि ‘बॉक्सग्रुपगॅप’ हे दोन्ही पर्याय मुळात ०.३ असतात. ते कमी-जास्त करून पाहावेत, आणि तरीही न जुळल्यास वरची अंकांच्या अक्षाची पद्धत वापरावी.

हायचार्टर हे आरमधील इंटरॅक्टिव्ह आलेखांचे दुसरे पॅकेज वापरणाऱ्यांना यातील बहुतेक त्रास होत नाही, कारण तेथे डेटा_टू_बॉक्सप्लॉट हे फलन पाच आकडे आरमध्येच काढते. बाह्यबिंदू हवे असतील तर ‘ॲड_आउटलायर्स’ला ‘ट्रू’ द्यावे लागते, आणि आडव्या अक्षाचा प्रकार ‘कॅटेगरी’ असा सांगितला नाही तर तालुक्यांच्या नावांऐवजी ०, १, २ दिसतात.

शेवटी इशारा आणि धोका पातळीच्या रेषांविषयी. ३९ आणि ४३ फुटांच्या आडव्या रेषा घालताना महिन्यांच्या नावांचा अक्ष असेल आणि रेषा ॲड_लाइन्सने काढली, तर ती जूनच्या पेटीच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पेटीच्या मध्यापर्यंतच जाते आणि दोन्ही टोकांच्या पेट्या अर्ध्या सुटतात. त्याऐवजी लेआउटमधील ‘शेप्स’ वापरावे, रेषेच्या ‘एक्सरेफ’ला ‘पेपर’ द्यावे आणि ती ० पासून १ पर्यंत ओढावी. मग अक्ष कोणताही असो, रेषा आलेखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाते आणि जुलै-ऑगस्टचे कोणते बिंदू ४३ फुटांच्या वर आहेत ते एका नजरेत मोजता येते. ती मोजणी करून मूळ तक्त्यातील ४३ फुटांवरील दिवसांच्या संख्येशी ताडून पाहावी. सर्व नोंदींचे ठिपके दाखवलेले असतील आणि संख्या जुळत नसेल, तर बिंदू कुठे दोनदा आले किंवा कुठे गळले हे शोधण्यासाठी पुन्हा ‘डेटा’ यादीतील थरांकडे जावे.